निबंधाची बांधणी: प्रस्तावना, मध्य, समारोप... पण म्हणजे नेमकं काय?

मधुरा_साताऱ्याची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे. परवा निबंधाची वही घरी आली. विषय 'पाणी वाचवा, जीवन वाचवा'. खाली लाल शाईत दोनच शब्द: 'बांधणी नाही'. दहापैकी चार. पोरगा मला विचारतो, "आई, बांधणी म्हणजे ती साडी असते ती का?" मी म्हटलं, अरे प्रस्तावना, मध्य आणि समारोप. तर म्हणे, "मग आहेच की. तीन परिच्छेद आहेत." आणि खरंच आहेत. मोजून तीन.

लिहिलंय ते थोडक्यात असं. पहिला परिच्छेद: पाणी म्हणजे जीवन, पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे, पाणी नसेल तर काहीच नसेल. दुसरा: दात घासताना नळ बंद करावा, गाडी बादलीतल्या पाण्याने धुवावी, शॉवर वापरू नये, मग एकदम त्याची माणमधली आजी (माझ्या सासूबाई) भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालते हे एक वाक्य, आणि पुन्हा नळ. तिसरा: 'म्हणून आपण सर्वांनी पाण्याचा थेंब न् थेंब वाचवला पाहिजे.'

वाचताना मला कंटाळा आला हे खरं. पण चुकलंय कुठे ते बोट ठेवून सांगता येईना. आमच्या वेळी बाई फळ्यावर मुद्दे लिहून द्यायच्या, आम्ही ते फुगवायचो, झाला निबंध. तुम्ही मुलांना बांधणी कशी शिकवता? मुळात शिकवता येते का?

चहाबाज

रुमाल टाकून ठेवतो.

आमच्या वर्गातल्या एकाने 'माझा आवडता सण: दिवाळी' पाठ केला होता आणि पेपरात आलं 'मी पाहिलेला अपघात'. पठ्ठ्याने लिहिलं, "दिवाळीच्या दिवशी मी एक अपघात पाहिला. पण त्याआधी दिवाळीविषयी थोडेसे." थोडेसे म्हणजे दीड पान.

पेपरतपासनीस

चहाबाज, हसू नका. त्या मुलाला सांधा जोडायचा असतो एवढं तरी ठाऊक होतं. बाकीच्यांना तेही नसतं.

मधुराताई, बावीस वर्षं मराठीच्या उत्तरपत्रिका तपासल्या, आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. समोर गठ्ठा असतो. एका निबंधाला तीन-चार मिनिटं मिळाली तर डोक्यावरून पाणी. तेवढ्यात नजर कुठे जाते? पहिल्या परिच्छेदावर, नंतरच्या प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या ओळीवर, आणि शेवटावर. पोरं आपला सगळ्यात चांगला मुद्दा परिच्छेदाच्या पोटात पुरून ठेवतात. तुमच्या मुलाने आजीला तिथेच पुरलंय.

प्रस्तावना म्हणजे विषयाची ओळख, हा एक मोठा गैरसमज. विषय मथळ्यात लिहिलेलाच असतो, मला वाचता येतो. या एवढ्या मोठ्या विषयाचा कोणता कोपरा तू धरणार आहेस, ते मला पहिल्या चार-पाच ओळींत कळलं पाहिजे. '७१ टक्के' मी इतक्या वेळा वाचलंय की पृथ्वीवरचं पाणी आटलं तरी तो आकडा माझ्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. आणि त्या ७१ टक्क्यांतलं जवळजवळ सगळं खारं, म्हणजे नळाशी त्याचा संबंध काय? हा प्रश्न कोणी पुढे नेत नाही. आकडा टाकला, प्रस्तावना झाली.

आता बांधणी आहे की नाही ते घरच्या घरी तपासायची युक्ती. मधल्या परिच्छेदांची, किंवा एकाच परिच्छेदातल्या वाक्यांची, अदलाबदल करून बघा. काहीच बिघडलं नाही तर बांधणी नाही, नुसती यादी आहे. नळ, गाडी, शॉवर. शॉवर, नळ, गाडी. बघा, फरक पडला का?

मधुरा_साताऱ्याची

बाप रे. आत्ताच करून पाहिलं. शॉवर आधी घेतला तर उलट बरं वाटतंय.

चहाबाज

आरत्यांनाही हीच कसोटी लावा. गणपतीत आमच्या सोसायटीत दरवर्षी दुसरं कडवं तिसऱ्याच्या जागी जातं आणि कोणाला पत्ता लागत नाही.

स्वैपाकघरातली_शारदा

आणि डाळीला फोडणी शेवटी दिली तरी चालते की. ;)

पेपरतपासनीस

शारदाताई, वरून फोडणी घातलेली डाळ ही वेगळी डाळ असते. तेच तर म्हणतेय.

उंटावरचा_शहाणा

असहमत. सपशेल.

या खोक्यांनीच मराठी पोरांचं लिहिणं मारलंय. प्रस्तावना-मध्य-समारोप म्हणजे पोस्टाचं पाकीट: पत्ता इथे, तिकीट तिथे, मागे पाठवणाऱ्याचं नाव. आत पत्र आहे का हे कोणी बघत नाही. युरोपात निबंध या प्रकाराला नाव दिलं ते मोंतेन नावाच्या फ्रेंच गृहस्थाने, १५८० साली. त्याने वापरलेल्या शब्दाचा अर्थच मुळी 'प्रयत्न', 'करून पाहणं'. माणूस एका विषयावर विचार करायला बसतो, भरकटतो, स्वतःलाच खोडतो. आपल्याकडेही फडके-काणेकरांच्या काळात लघुनिबंध बहरला तो असाच हिंडणारा. त्यात कुठे होता समारोप?

मधुराताई, मुलाला सांगा, आजीविषयी लिही आणि बाकी सगळं फाडून टाक.

पेपरतपासनीस

शहाणे, भरकटायला आधी वाट माहीत असावी लागते. नववीतलं पोर भरकटत नाही, हरवतं.

चहाबाज

हे भारी होतं. चहा टाकतो, कोणाकोणाला?

मुक्काम_नांदेड

मी मराठी माध्यमातून यूपीएससी देतोय, तिसरा प्रयत्न. मुख्य परीक्षेला निबंधाचा स्वतंत्र पेपर असतो, १९९३ पासून. सध्या तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द आणि प्रत्येकी १२५ गुण. विषय कसे येतात पाहा. २०२३ साली एक होता, त्याचा मराठीत आशय असा: विचार करणं हे खेळासारखं आहे, समोर दुसरा संघ असल्याशिवाय ते सुरूच होत नाही. यावर '७१ टक्के' चालत नाही.

माझी पद्धत सांगतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मी निबंध लिहीतच नाही. मागच्या पानावर विषयाचा आधी प्रश्न करतो. 'पाणी वाचवा' हा विषयच नाही, तो हुकूम आहे. त्याचा प्रश्न करा: कोणी वाचवायचं? कोणाकडून कोणासाठी? वाचवलेलं पाणी जातं कुठे? प्रश्न झाला की उत्तराला आपोआप क्रम येतो, कारण एका उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. शिक्षकांनी सांगितलेली अदलाबदलीची कसोटी तिथे आपसूक पास होते.

शहाणेसाहेबांना एक सांगायचंय. गोष्टीने सुरुवात करा, हे आता क्लासवाल्यांनी इतकं पढवलंय की तोही एक खोकाच झालाय. आमच्या सराव परीक्षेत मी मित्रांचे पेपर वाचले. 'रामू नावाचा एक शेतकरी होता.' सगळे रामू विदर्भातले, सगळ्यांना एकच मुलगी, ती हुशार, आणि समारोपात ती कलेक्टर. आजीला उचलून पहिल्या ओळीत बसवलं की निबंध झाला असं नाही. आजी तिथे काय काम करणार ते आधी ठरवा.

टेक्सासची_सून

आमच्याकडे अमेरिकेत शाळेत पाच परिच्छेदांचा साचा शिकवतात, लहान मुलांना तर चक्क बर्गरचं चित्र काढून. वरचा पाव म्हणजे प्रस्तावना, मधे तीन थर, खालचा पाव म्हणजे समारोप. पहिल्याच परिच्छेदाच्या शेवटी आपलं म्हणणं एका वाक्यात ठोकून सांगायचं.

चांगलं काय? पोराला 'तुझं म्हणणं काय' हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडे दहावीपर्यंत मला हे कोणी विचारलंच नव्हतं.

वाईट काय? मुलगी रविवारच्या मराठी शाळेसाठी 'माझी आजी' लिहायला बसली. "माझी आजी तीन कारणांमुळे चांगली आहे. पहिले कारण..." आजीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "अगं, ही वकिलाची नोटीस आलीय का मला?"

चहाबाज

तीन कारणांमुळे चांगली :हसून हसून पुरेवाट:

अप्पा_बुधवारपेठ

धाग्यात 'पारंपरिक' हा शब्द अजून कोणी वापरला नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच आहे, म्हणून थोडं लिहितो. परंपरा कोणती? विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ ते १८८१, चौऱ्याऐंशी अंक. एकेक विषय अंकामागून अंक चालतो. प्रतिपक्षाला आधी नीट उभा करायचा, मग त्याची एकेक वीट काढायची, मधूनच चिमटे. त्याआधी लोकहितवादी, १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये. छोटी छोटी पत्रं, एका पत्रात एक राग. पुढे आगरकर, थंड डोक्याने मुद्द्यावर मुद्दा रचणारे. यातल्या कोणाचा साचा दुसऱ्यासारखा नाही. आपण शाळेत ज्याला 'निबंधाची बांधणी' म्हणतो तो परीक्षेचा साचा आहे, त्यावर परंपरेचा शिक्का मारू नये.

अवांतर: 'निबंध' हा शब्दही त्या अर्थाने नवा. जुन्या काळी धर्मशास्त्रातली विखुरलेली वचनं विषयवार एकत्र बांधलेला ग्रंथ म्हणजे निबंध. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, तेराव्या शतकातला, तोही असा निबंधकार. हेमाडपंती देवळांना ज्याचं नाव चिकटलं तोच.

स्वैपाकघरातली_शारदा

हेमाडपंती म्हणजे ती चुन्याशिवाय रचलेली देवळं ना? दगडावर दगड खाचेत बसवून? मग निबंधही तसाच असायला हवा. माझ्या भाच्याच्या निबंधात प्रत्येक परिच्छेद 'तसेच', 'याशिवाय', 'त्याचप्रमाणे' याने सुरू होतो. सगळा चुनाच.

पेपरतपासनीस

शारदाताई, फोडणीबद्दल बोलले ते सगळं माघारी. हे मला बावीस वर्षांत सुचलं नाही. 'तसेच' खोडून वाचायचं, आणि दगड तरीही जागेवर राहिले तर बांधणी पक्की.

जुना_पिंपळ

अप्पा, साच्यावर परंपरेचा शिक्का नको हे मान्य. पण परंपरेत बांधणीचं शास्त्रच नाही असा कोणाचा समज व्हायला नको. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या शास्त्रकारांनी, कोणत्याही मुद्द्याच्या चर्चेला 'अधिकरण' म्हटलं आणि त्याची पाच अंगं सांगितली. 'विषयो विशयश्चैव पूर्वपक्षस्तथोत्तरम्', आणि शेवटी निर्णय. यातला 'विशय' तालव्य श वाला, म्हणजे संशय. मुद्रितशोधक हमखास 'विषय' करून ठेवतो आणि सगळी गंमत जाते.

आता शाळेच्या तिरंगी साच्याशी ताडून पाहा. प्रस्तावना-मध्य-समारोप हे फक्त जागा सांगतात: वर, मधे, खाली. अधिकरण काम सांगतं. आधी विषय. मग त्यावर शंका कुठे येते ते. मग विरुद्ध बाजू, पूर्वपक्ष, आणि तोही लंगडा नाही, विरोधकाने मान डोलवावी इतका भक्कम. मग त्याला उत्तर. मग निर्णय. एकही अंग दुसऱ्याच्या जागी बसत नाही. शंकेशिवाय पूर्वपक्ष कसा येईल? आणि पूर्वपक्षच नसेल तर उत्तर कोणाला देताय?

मधुराताई, तुमच्या मुलाच्या निबंधात विषय आहे आणि निर्णय आहे. मधली तिन्ही अंगं गायब. पाणी वाचवावं यावर कोणी शंकाच घेतलेली नाही, म्हणून मधे भरायला नळ आणि शॉवर आणावे लागले. त्याला एवढंच विचारा: पाणी वाचवायला कोण नाही म्हणेल, आणि का?

मधुरा_साताऱ्याची

पिंपळकाका, थांबा थांबा. हे वाचून मला घाम फुटलाय.

निबंध लिहायच्या आदल्या रात्री जेवताना तो म्हणाला होता, "आई, आपण नळ बंद करून काय होणारे? आजीकडे जाताना कोरेगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस असतो, हिरवागार. पुढे दहिवडीकडे गेलं की टँकर. मग आजीने तांब्याभर पाणी वाचवून काय उपयोग?" आणि मी काय म्हटलं असेल? "हे असलं निबंधात लिहू नको हं, मार्क जातील."

म्हणजे बांधणी मीच काढून घेतली. पोराकडे पूर्वपक्ष तयार होता.

मुक्काम_नांदेड

ताई, हा मुलगा यूपीएससीला बसला तर आमचं कठीण आहे.

उंटावरचा_शहाणा

बघा! मी म्हणत होतो ना, आजी! (हा ऊस मी म्हटलं नव्हतं, ते सोडा.)

पिंपळकाका, अधिकरण आवडलं. मला राग खोक्यांचा होता, क्रमाचा नव्हता. पण एक शंका. हे वादाच्या विषयांना ठीक. 'पावसाळ्यातील एक दिवस' किंवा 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' यात पूर्वपक्ष कुठून आणणार? पुस्तक कोणाशी भांडणार?

कीर्तनवेडा

शहाण्यांच्या शंकेला माझ्याकडे उत्तर आहे. नारदीय कीर्तन ऐका. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात. एकच प्रमेय, सगळ्या बाजूंनी. मधे नामाचा गजर होतो. मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. आणि आख्यान संपता संपता बुवा पुन्हा त्या पूर्वरंगातल्या अभंगावर येतात. शब्द तेच, चाल तीच, पण आता ऐकणाऱ्याला त्यात वेगळंच ऐकू येतं, कारण मधे गोष्ट घडून गेलीय.

आमचे वडील कीर्तनकार होते. लहानपणी पेटीपाशी बसून मी बघायचो, बुवा किती लांब जातात. रामायणातून निघून एसटीच्या कंडक्टरपर्यंत. मला वाटायचं आता संपलं, आता काही परत येत नाहीत. आणि एका वाक्यात परत अभंगावर. एकदा मी विचारलं, हे कसं जमतं? म्हणाले, "निघताना दाराला कडी घातलेली नसते. मोकळं ठेवून जायचं."

वर्णनाच्या आणि आत्मवृत्ताच्या निबंधाला ही बांधणी बसते. पुस्तकाचं आत्मवृत्त 'मी एक फाटके पुस्तक आहे' असं सुरू करायचं नाही. पहिल्या परिच्छेदात एक वस्तू ठेवायची, म्हणजे एका पानाचा दुमडलेला कोपरा. मग जन्म, दुकान, शाळा, रद्दी, जे काय असेल ते. आणि शेवटी तोच कोपरा, पण आता तो कोणी दुमडला आणि का, ते कळलेलं.

जुना_पिंपळ

कीर्तनवेडा, अगदी! ग्रंथाचं तात्पर्य ओळखायच्या सहा खुणा सांगितल्यात, त्यात पहिलीच 'उपक्रमोपसंहारौ'. सुरुवात आणि शेवट, दोन्ही मिळून एक खूण. शेवट सुरुवातीशी बोलला पाहिजे.

पेपरतपासनीस

आणि इथेच पोरं आपटतात. शेवट सुरुवातीशी बोलायचा म्हणजे सुरुवात पुन्हा लिहायची असं त्यांना वाटतं. 'पाणी म्हणजे जीवन' वर, 'म्हणूनच म्हणतात पाणी म्हणजे जीवन' खाली. मधे काहीच घडलेलं नसतं.

दुसरा आजार, सुविचार. झाडांवर निबंध आला की तुकोबांचं 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' येणारच. ओळ सुंदर आहे, पण ती निबंधाने कमावलेली हवी. आणि कृपा करून कोणतंही वाक्य कोणाच्याही नावावर खपवू नका. एका पेपरात 'वेळ हा पैसा आहे: संत तुकाराम' वाचलंय मी.

चहाबाज

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली म्हणतात, आणि त्यांच्याच तोंडी हे वाक्य. दंडवत.

शाईचा_डाग

आमच्या वेळी निबंधाला अक्षराचे गुण असायचे. माझं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडून चालल्यासारखं. बाई म्हणायच्या, "तू काय लिहितोस ते देवाला माहीत." मी म्हणायचो, "मग देवाने तपासावं." त्या दिवशी बाकावर उभा होतो.

विषयांतराबद्दल क्षमस्व. पण जेल पेन आणि पातळ पान हा विषय कोणीतरी घ्यायला हवा.

स्वैपाकघरातली_शारदा

शाईचा डाग, वेगळा धागा काढा, मी येते. आमच्याकडे पाठीमागचं पान वाचता येतं इतकं छापून उठतं.

टेक्सासची_सून

मधुराताई, पुढे काय झालं? मुलाने पुन्हा लिहिला का?

एक भर. आमच्याकडच्या बर्गरमधली एकच गोष्ट मी घरी ठेवलीय. मुलीला सांगते, प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही. आधी मधलं. आपण काय म्हणतोय ते लिहून झाल्याशिवाय कळत नाही, मग त्याची ओळख आधीच कशी करून देणार?

मुक्काम_नांदेड

+१. फक्त परीक्षेत जागा सोडून मधलं लिहायची हिंमत होत नाही. म्हणून मागच्या पानावरचा आराखडा. त्यात बाण काढायचे, खोडायचं, तिथे कोणी गुण कापत नाही.

अप्पा_बुधवारपेठ

मधुराताईंच्या मुलाला एक माहिती द्या, कामी येईल. त्याच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आणि त्याच जिल्ह्यात माण, पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, पूर्वेला पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. पृथ्वीच्या ७१ टक्क्यांपेक्षा हे आकडे त्याच्या जास्त जवळचे. आजीच्या आणि ढगांतल्या पाण्याच्या मधे एक डोंगर उभा आहे, हे त्याला दाखवता येईल.

मधुरा_साताऱ्याची

मंडळी, चार दिवस लागले. मी फक्त पिंपळकाकांचा प्रश्न विचारला आणि उठून गेले (हे सगळ्यात अवघड होतं). त्याने मधलं आधी लिहिलं, प्रस्तावना शेवटी. त्याच्या परवानगीने काही भाग देते.

सुरुवात: "साताऱ्याहून आजीच्या गावाला जाताना कोरेगावपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. पुसेगाव मागे पडले की ऊस विरळ होतो आणि माळ लागतो. माझी आजी माळाच्या बाजूला राहते. ती भाजी धुतलेले पाणी कढीपत्त्याला घालते. मी तिला विचारले, 'आजी, तिकडे एवढा ऊस आहे. तू तांब्याभर पाणी वाचवून काय होणार?'"

मधे त्याने प्रश्नाची बाजू मांडलीय: "माझा प्रश्न चुकीचा नव्हता. घरांपेक्षा शेतीला कितीतरी जास्त पाणी लागते. आम्ही महिनाभर दात घासताना नळ बंद ठेवला तरी त्यात उसाची एक सरीसुद्धा भिजणार नाही. पाऊसही सारखा पडत नाही. महाबळेश्वर आणि माण एकाच जिल्ह्यात आहेत." मग उत्तर: "पण आजीने वाचवलेले पाणी उसाला जात नाही. ते तिच्याच परसात राहते. तिच्याकडे टँकर चार दिवसांनी येतो. चौथ्या दिवशी तिच्या पिंपात पाणी असते, शेजारी नसते."

आणि शेवट: "आजी म्हणाली, 'उसाचं मला काय ठाऊक? माझा कढीपत्ता जगला.' ऊस आजीच्या हातात नाही. कढीपत्ता आहे. ज्यांच्या हातात ऊस आहे त्यांना प्रश्न विचारायचा असेल तर आधी आपला नळ बंद असला पाहिजे."

आता बोला.

जुना_पिंपळ

'माझा प्रश्न चुकीचा नव्हता.' या एका वाक्यासाठी माझ्याकडून पेढे.

पेपरतपासनीस

चौथ्या दिवशीचं पिंप! मला हेच हवं होतं. हे वाक्य दुसरीकडे कुठेही हलवून दाखवा, हलणार नाही. आणि पूर्ण उताऱ्यात एकही 'तसेच' नाही, शारदाताई.

तक्रार एकच. शेवटचं वाक्य काढायला सांगा. तिथे सुविचाराचा वास येतोय, मास्तर खूश होतील म्हणून घातलंय ते. 'कढीपत्ता आहे' वर थांबला तर मी पेन खाली ठेवून दोन मिनिटं बसेन.

उंटावरचा_शहाणा

त्या शेवटच्या वाक्याबद्दल मात्र मी पोराच्या बाजूने. त्याला बोलायचंय ते बोलू द्या. नववीत आहे, कीर्तनकार नाही.

कीर्तनवेडा

मला विचाराल तर दोन्ही चालेल. पण दार मोकळं राहिलं होतं, आणि तो परत आला. चाल तीच.

मधुरा_साताऱ्याची

निकाल लागला. वाक्य ठेवायचं की काढायचं यावर घरात वाद झाला, शेवटी त्याने ठेवलं. दहापैकी साडेसहा. लाल शाईत: 'बांधणी चांगली. विषयाला धरून लिहावे.' आणि प्रत्येक 'ऊस' शब्दाभोवती गोल.

रात्री सासूबाईंना फोनवर पूर्ण वाचून दाखवला. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "छान लिवलंय. पण कढीपत्ता दोन वर्सामागं वाळला की गं. आता तिथं गवती चहा हाय."

म्हणजे आजीचं ते वाक्य पोराच्या पदरचं. मी त्याच्याकडे बघितलं, तो वहीत बघत होता.

चहाबाज

गवती चहा? हां, आता कुठे धागा मूळ विषयावर आला.